अस्तराचं घर

माझ्या वहिनींना अख्खी गल्ली टेपबाई म्हणते. मोजपट्टी त्यांच्या गळ्यातून फक्त झोपताना उतरते, आणि दादाचं म्हणणं खरं मानलं तर तेव्हाही ती उशाखालीच असते. एका छापखान्याच्या वर त्यांच्या दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत मशीन, कापायचं टेबल आणि गिऱ्हाईक. मागच्या खोलीत शेगडी, पलंग आणि दादा. दादा खाली छापखान्यात कागद कापायचा. नवरा कागद कापतो, बायको कापड कापते, तेव्हा तुमच्या घरात जरा जपून बोलावं लागतं, असं मी त्यांना चिडवायचो.

मी स्वतः घरांचे नकाशे काढतो. माझा सरकारमान्य शिक्का आहे. माझ्यासमोर कोणी ‘अंदाजे’ म्हणालं की माझं डोकं फिरतं, आणि ते फिरलं की लवकर जागेवर येत नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे घडलं त्यात माझ्या डोक्याचा वाटा मोठा आहे.

छापखान्याची इमारत विकली गेली आणि दोन्ही खोल्या वर्षभरात रिकाम्या करायचं ठरलं. शहरात त्यांना परवडेल अशी जागा म्हणजे कुणाच्या तरी जिन्याखालची. वहिनींनी एक दिवस सरळ सांगितलं की आता भाड्याचं दार नको, स्वतःचं हवं, मग ते कितीही लांब का असेना. आम्ही शोधत शोधत बसने दीड तासावरच्या एका तळ्याकाठी पोचलो. तिथे एक अरुंद, लांबलचक पट्टी बरीच वर्षं विकायची पडली होती. एका टोकाला रस्ता, दुसऱ्या टोकाला पाणी. ती स्वस्त का, हे मला दोन मिनिटांत कळलं. कायद्याप्रमाणे तळ्याच्या भरल्या पाण्याच्या रेषेवर सरकारने दगड पुरलेले होते आणि त्या दगडांपासून शंभर फूट मोकळं सोडायचं होतं. रस्त्याकडे वीस फूट, दोन्ही शेजाऱ्यांकडे पाच-पाच फूट. हे सगळं सोडून उरत होती ती बावीस बाय अठ्ठावीस फुटांची जागा. तीत घर बसवायचं तर एक बोटही इकडेतिकडे करता येत नव्हतं.

मी म्हणालो की इथे बसची वाट बघायला शेड छान होईल. वहिनी पट्टीच्या मधोमध उभ्या राहून पाण्याकडे बघत होत्या. “भाऊजी,” त्या म्हणाल्या, “याहून तोकड्या तुकड्यातून मी अख्खा कोट काढलाय. बाहीसकट.” आणि त्यांनी जमीन घेतली.

नकाशा अर्थातच मी काढला, आणि मंजूरही करून आणला. दोन खोल्या, स्वयंपाकघर, तळ्याकडे मोठी खिडकी, खिडकीपाशी मशीन. माझ्या हातून इतक्या कमी जागेत इतकं सुटसुटीत घर कधी उतरलं नव्हतं. वहिनींनी कागद उलटा धरला, सुलटा धरला आणि छान आहे म्हणाल्या. मग त्यांनी हळूच विचारलं, “पण अंगात बसतंय का, ते कागदावरून कसं कळणार?”

त्यानंतर जे झालं ते मी माझ्या पंचवीस वर्षांच्या धंद्यात पाहिलं नव्हतं. टेबलाखालच्या पोत्यांत गिऱ्हाइकांच्या कपड्यांतून उरलेलं अस्तर होतं. राखी, तपकिरी, निळं, जे हाताला येईल ते. त्यांनी ते जोडून जोडून बावीस बाय अठ्ठावीस फुटांचं एकच कापड शिवलं. माझ्या नकाशाप्रमाणे त्यावर भिंती घातल्या, लाल दोऱ्याची दुहेरी शिलाई. जिथे दार तिथे शिलाई सोडलेली. खिडकीला निळा दोरा. हे काम थंडीभर चाललं होतं. गिऱ्हाइकं दिवाणखाना ओलांडून माप द्यायला यायची, आणि दादा महिनाभर स्वयंपाकघर पांघरून झोपला.

मग ट्रायल. ते सगळं घर एका पोत्यात भरून आम्ही बसने तळ्यावर नेलं आणि गवतावर अंथरलं. वहिनींच्या हिशेबी रस्त्याकडची बाजू म्हणजे गळा आणि तळ्याकडची म्हणजे घेर. घेराला त्यांनी एक वीत जास्तीचं कापड आत दुमडून कच्चा टाका घातला होता. लेकराचा फ्रॉक असो नाहीतर घर, खाली वीतभर दुमड ठेवलेली बरी, अंग वाढतं, असं त्यांचं म्हणणं. शंभर फूट म्हणजे शंभर फूट, इथे काही वाढणार नाही, असं मी ठणकावून सांगितलं. त्यावर, म्हणून तर दुमडलीय, बाहेर दिसतेय का कुठे, असं त्यांनी विचारलं. दिसत नव्हती.

दादाला झोपायच्या खोलीत आडवं व्हायला लावलं. मला शेगडी करून उभं केलं. वहिनी हातात नसलेलं पातेलं घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आल्या, आणि वळताना त्यांचा पाय दादाच्या डोक्याला लागला. त्या पुन्हा आत गेल्या, पुन्हा आल्या, पुन्हा दादाचं डोकं. मग त्या गुडघ्यावर बसल्या, लाल शिलाई दीड फूट उसवली, टाचण्या लावून भिंत डावीकडे सरकवली आणि पुन्हा पातेलं घेऊन निघाल्या. या वेळी दादा वाचला.

त्यांचं बरोबर होतं. आतली भिंत हलवायला परवानगी लागत नाही, तेही मला माहीत होतं. पण माझ्या नकाशाला कुणी टाचण्या टोचल्या हे मला सोसलं नाही. एवढंच कळतं तर जमिनीवर आखणीही तुम्हीच करून घ्या, असं म्हणून मी डोक्यात राख घालून रस्त्यावर आलो आणि एकटाच बसने परत गेलो.

आखणीच्या आदल्या संध्याकाळी दादाचा फोन आला. मी काम आहे म्हणालो. काम काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी घरी बसून पेन्सिलींना टोकं काढली आणि त्या सगळ्या संपल्यावर मुलाच्या पेन्सिलींना काढली.

त्या दिवशी तिकडे काय झालं ते मला पुढे दादाकडून कळलं. वहिनींनी जागेवर कापड अंथरलं. कापड आखायचं तर दुमड उघडून सपाट करायची आणि कडेकडेने खडू फिरवायचा, हा शिवणाचा पहिला धडा. दुमड नंतर शिवताना आत जाते. चाळीस वर्षं हात हेच करत आलेला. त्यांनी कच्चा टाका काढला, घेराची वीतभर दुमड उघडली, तळहाताने सपाट केली, आणि कडेने चुन्याची रेघ ओढली. गवंड्याने त्या रेघेवर पाया खणला. विटा काही शिवताना आत जात नाहीत, हे त्या घटकेला कुणाच्याच डोक्यात आलं नाही. ज्याच्या डोक्यात यायला हवं होतं, तो घरी पेन्सिली तासत होता.

माझा राग उतरायला दोन महिने लागले. मग जणू काही झालंच नाही अशा थाटात मी एका रविवारी तळ्यावर गेलो. भिंती चांगल्या छातीपर्यंत आल्या होत्या. वहिनी तळ्याकडच्या खोलीत पडदा घेऊन उभ्या होत्या. मशीनची जागा वेगळी करायला आडवा पडदा, आतल्या भिंतीपासून तळ्याकडच्या भिंतीपर्यंत. तो त्यांनी मापाप्रमाणे आधीच शिवून ठेवला होता. एक टोक दादाने धरलं, दुसरं त्यांनी, आणि पडदा भिंतीपर्यंत पोचला नाही. तोकडा कापलात, मी म्हणालो, आणि खरं सांगायचं तर जरा आनंदानेच म्हणालो.

“माझं कापड चुकत नाही, भाऊजी,” त्या म्हणाल्या. “घर चुकलंय.”

त्यांनी पडद्याची कड आणि भिंत यांच्यामध्ये हात पसरून ठेवला. बरोबर एक वीत. मग अगदी हळू आवाजात “दुमड” एवढंच म्हणाल्या आणि विटांच्या ढिगावर बसल्या. मी पोलादी पट्टी काढून दगडापासून मोजलं. नव्व्याण्णव फूट तीन इंच. त्याच काठावर पुढे एक घर होतं, सुरेख, हिरव्या दारांचं. ते दीड फूट पुढे सरकलं म्हणून त्याला सरकारी सील लागलं होतं आणि घरवाले दोन वर्षं कचेरीत खेटे घालत होते. आमच्या लोकांना छापखान्याच्या खोल्या सोडायला पाच आठवडे उरले होते. तपासणी होऊन घर पूर्ण झाल्याचा दाखला मिळाल्याशिवाय आत पाऊल ठेवता येत नव्हतं.

आम्ही तिघा पुरुषांनी तिथेच मसलत केली. गवंड्याचं म्हणणं, दगडच नऊ इंच पाण्याकडे सरकवू, दगडाला काय कळतंय. दादा म्हणाला, मातीचा भराव घालून बघू. आणि मी, मिलिमीटरशिवाय न बोलणारा, मी म्हणालो की तपासणीस बहुतेक वेळा नजरेनेच मोजतात, माझा शिक्का आहे, झाकली मूठ झाकलेलीच बरी. वहिनींनी आमचं सगळं ऐकून घेतलं.

“गिऱ्हाइकाला कळणार नाही म्हणून मी आजवर एकही चुकलेली शिलाई तशी ठेवली नाही,” त्या म्हणाल्या. “आता तर गिऱ्हाईक मीच आहे. भिंत उसवायची.”

गवंडी भडकला. त्याची भिंत ओळंब्यात होती, सुतासारखी सरळ, आणि ती पाडायची म्हणजे त्याच्या तोंडाला काळं. वहिनींनी त्याला समजावलं की भिंत त्याची सरळच आहे, रेघ आपली स्वतःची चुकली. त्याने ऐकलं नाही. थापी धुतली, पिशवीत टाकली आणि तो निघून गेला. दादाने विचारलं, आता कोण पाडणार. पाडायची नाही, उसवायची, असं म्हणून वहिनींनी छिन्नी मागितली.

मी भिंती पाडताना पुष्कळ बघितल्या आहेत. घण घालतात, धूळ उडते, संपलं. वहिनींनी शेवटी लागलेली वीट आधी शोधली. वरच्या थराच्या कोपऱ्यातली. तिच्या सांध्यात छिन्नी धरली, हलकेच चार ठोके, वीट सुटली. खरवडून साफ केली, बाजूला ठेवली. मग तिच्या शेजारची. ज्या क्रमाने भिंत चढली होती त्याच्या बरोबर उलट्या क्रमाने ती खाली येत होती, आणि विटा थराथराने रचल्या जात होत्या. पहिल्या दिवशी मी आणि दादा मधे मधे करत होतो. दुसऱ्या दिवशी मला जमायला लागलं. संध्याकाळी माझ्या हाताला फोड आले आणि वहिनींनी त्यांना पिशवीतलं मशीनचं तेल लावलं, कारण तिथे दुसरं काही नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी गवंडी रस्त्यावर येऊन उभा राहिला. बराच वेळ बघत होता. मग आत आला आणि साफ विटांच्या थप्प्या मोजल्या. अख्ख्या भिंतीतून अकरा विटा फुटल्या होत्या, त्यांतल्या नऊ माझ्या. आपल्या माणसांच्या हातून एवढ्याशा कामात शंभर फुटल्या असत्या, असं तो वहिनींना म्हणाला, आणि पिशवीतून थापी काढली. नवा पाया एक वीत आत खणला गेला. त्याच विटा, त्याच थरांनी, पुन्हा चढल्या.

या सगळ्या दिवसांत वहिनी एकदाही म्हणाल्या नाहीत की भाऊजी, तुम्ही त्या दिवशी आला असतात तर. चूक कुणाची, असं गवंड्याने विचारलं तेव्हा ‘माझी’ म्हणाल्या. वीटवाल्याने विचारलं तेव्हाही ‘माझी’ म्हणाल्या. दर वेळी मी तिथेच उभा असायचो, आणि मूग गिळून उभा असायचो.

तपासणीस आला तेव्हा खोल्या सोडायला चार दिवस बाकी होते. सामान बांधून झालं होतं. बारीक अंगाचा, चष्म्याचा, कमी बोलणारा माणूस. घराभोवती एक फेरी मारून तो ओट्यावर बसला आणि त्याने कागद काढले. नकाशा, मंजुरी, आणि माझ्या सहीचा तो छापील फॉर्म. ‘आखणीच्या वेळी मी स्वतः जागेवर हजर होतो.’ खाली सही-शिक्क्याची जागा अजून कोरी. असे फॉर्म मी कचेरीतल्या खुर्चीत बसून शेकड्यांनी भरले आहेत. सगळेच भरतात. त्याने पेन पुढे केलं.

वहिनी खिडकीची काच पुसत होत्या, आमच्याकडे पाठ करून. मी सही केली असती तर त्या काही बोलल्या नसत्या, हे मला पक्कं ठाऊक होतं. त्यांनी एका विटेचंही खोटं ठेवलं नव्हतं, आणि त्या घराच्या कागदावर पहिलं खोटं माझं बसणार होतं. माझा हात पुढे होईना.

“मी हजर नव्हतो,” मी म्हणालो.

तो म्हणाला, “मग कुठे होतात?”

“घरी. रुसून बसलो होतो.”

दादाला ठसका लागला. तपासणीस हसला नाही. तुमचा शिक्का धरून चालता येणार नाही, सगळं मला स्वतःला मोजावं लागेल, आणि एक कोपरा जरी चुकला तरी फाईल परत जाईल, मग पुढची तारीख तीन महिन्यांनी, असं त्याने शांतपणे सांगितलं. चार दिवसांनी ही दोघं कुठे जाणार होती? माझ्या एका खऱ्या शब्दापायी त्यांचं घर गेलं असतं, आणि खरं बोलायची हौस मला नेमकी आजच आली होती. वहिनींनी फडका खांद्यावर टाकला आणि वळल्या.

“मोजा ना,” त्या म्हणाल्या. “मापाला कोण घाबरतंय?”

त्याने मोजलं. दगडापासून भिंत, दोन्ही टोकांना. शंभर फूट आणि वर एक बोट. रस्त्याकडून वीस. शेजाऱ्यांकडून पाच, पाच. मग त्याने घराचे दोन्ही कर्ण मोजले, या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात. घर वाकडं असेल तर तिथे हमखास पकडलं जातं. माझ्या देखरेखीखालच्या घरांतसुद्धा इंच-दीड इंचाचा फरक येतो. इथे आला नाही. त्याने पट्टी उलट बाजूने धरून पुन्हा मोजलं. तरी आला नाही. त्याने चष्मा काढून पुसला आणि मला विचारलं, ही आखणी केली कुणी.

कचेरीत कुणी विचारलं, तुमच्या वहिनी काय करतात, तर मी आजवर ‘घरीच असतात’ असं सांगत आलो होतो. शिक्क्यावाल्या माणसाची वहिनी लोकांच्या पँटी आखूड करते, हे मला सांगवत नसे. आज लाज वाटली ती त्या सांगण्याची.

“माझ्या वहिनींनी,” मी म्हणालो. “शिवणकाम करतात. चाळीस वर्षं झाली.” माझा आवाज मलाच मोठा वाटला. पलीकडच्या घरापर्यंत गेला असेल, आणि गेला तर गेला.

तपासणीसाने माझ्या फॉर्मवरची छापील ओळ खोडली. तिच्या वर बारीक अक्षरात लिहिलं, ‘आखणी : घरमालकीण. व्यवसाय : शिवणकाम. प्रत्यक्ष मोजणीत बरोबर.’ त्याखाली वहिनींची सही घेतली, वहीतून दाखला फाडून त्यांच्या हातात दिला, आणि जाता जाता विचारलं की आपल्या बायकोचा एक कोट सैल करायचा आहे, आणला तर चालेल का. वहिनींनी पुढच्या बुधवारी आणायला सांगितलं.

तो गेल्यावर त्यांनी दाखला नीट, सावकाश वाचला. मी शेजारीच उभा होतो. मला इतका अभिमान माझ्या स्वतःच्या पहिल्या मंजूर नकाशाचाही वाटला नव्हता, आणि आपण हे त्यांना सांगावं की काय, या विचारात मी होतो.

“भाऊजी, यात तुमचं नाव कुठेच नाही,” त्या म्हणाल्या.

मी म्हणालो, नको, नसलेलंच बरं, मी कुठे होतो.

त्यांनी कागदाची घडी घातली. “आम्ही दुपारपर्यंत थांबलो होतो त्या दिवशी. गवंडी घाई करत होता. मी म्हटलं, जरा थांबा, आमचे भाऊजी रागावलेत, पण येतील. प्रत्येक बसला रस्त्यापर्यंत जाऊन आले मी. तीन बस गेल्या.”

“चुकलं माझं, वहिनी,” मी म्हणालो. हे शब्द मी त्यांना तेवीस वर्षांत पहिल्यांदाच म्हणत होतो.

त्यांनी मान हलवली, दाखला माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, हा भिंतीवर लावायचाय, कुठे लावायचा ते तुम्ही मोजून सांगा.